तीनदा बदललेला सांधा

पिपरी मेघे, वर्धा
९ ऑक्टोबर २०२४

प्रिय भैय्याजी,
नमस्कार.

तुम्हाला फोन करून उपयोग नाही, कारण तुम्हाला ऐकू येत नाही. आणि मंदाताईंना फोन केला तर तुम्ही सोडून सगळ्या कारंज्याला ऐकू येतं. म्हणून पत्र. मंदाताई आणि माझी हर्षा सख्ख्या बहिणी, आपण साडभाऊ, आणि साडभावानं साडभावाकडे काम मागू नये असा सासूबाईंचा नियम होता. त्या जाऊन चार वर्षं झाली, तेव्हा आज मागतो.

एसटीनं पाठवलेल्या प्लास्टिकच्या पाइपात माझा पूल खेळायचा क्यू आहे. एसटीच्या ड्रायव्हरनं पाइप हातात घेऊन विचारलं, "बंदूक आहे का भाऊ?" मी म्हणालो, "होती. आता काठी झाली."

दोन तुकड्यांचा क्यू आहे. मधोमध जिथे एक तुकडा दुसऱ्यात फिरवून बसवतात, तो सांधा मेला आहे. लाकडाला लाकूड टेकतं, आत पितळी स्क्रू. वीस वर्षं या सांध्यानं मला चोख बातमी दिली. टोक पांढऱ्या बॉलला लागलं की मुठीत कळायचं, पातळ लागलं की जाड, फिरकी धरली की सुटली. बॉल पॉकेटात जायच्या आधी मला ठाऊक असायचं. ऑगस्टपासून बातमी बंद. मी मारतो आणि बाकी लोकांसारखा बघत उभा राहतो, काय होतं ते. जिल्ह्यात तीनदा पहिला आलेला माणूस स्वतःच्याच खेळाचा प्रेक्षक झाला आहे, आणि तिकीटही नाही.

नागपूरची मंडळी स्टीलचा सांधा लावतात. तसा करून द्या. लेथवर ट्रकचे शाफ्ट सांधणाऱ्या हाताला हे म्हणजे दात कोरण्याइतकं काम.

बाकी ठीक. पंखे, मिक्सर खपताहेत. परवा बाजारात एक बाई मागून धावत आली, "भाऊ, तुमची चप्पल तिकडे राहिली." पन्नास पावलं मी एका चपलेवर चाललो होतो. हर्षा म्हणाली, लक्ष कुठे असतं? मी म्हणालो, दुकानात. तिला खोटं वाटलं नाही, म्हणजे बघा किती खोटं असेल.

तुमचा,
धर्मेंद्र


कारंजा (घाडगे)
१९ ऑक्टोबर २०२४

धर्मेंद्रबाबू,
नमस्कार.

क्यू भेटला. आधी मी त्याले काही केलं नाई, फक्त पाह्यलं. माही पाह्याची रीत तुमाले मालूम नसन म्हून सांगतो. कान गेल्यापासून मी बेरिंग दातानं तपासतो. पेचकसाचं टोक मशीनवर ठेवाचं, मूठ दातात धराची. खराब बेरिंग जबड्यात खडे चावल्यासारखं लागते. तसाच तुमचा क्यू मागून दातात धरला आन मंदाले म्हटलं, पुढच्या टोकावर टिचकी मार. ते म्हने, लोक काय म्हंतीन. म्हटलं, लोकाईचं मले ऐकू येत नाई.

सांध्यात काही बिघाड नाई. टिचकी साफ येऊन राह्यली, मधात कुठी अडकत नाई. पन तुमी खेळनारे. तुमच्या मुठीले जे कळते ते माह्या दाताले कळन असं नाई. म्हून तुमी म्हनता तसा स्टीलचा बसवला.

आता फरक आयका. स्टीलनं पाऊन छटाक वजन मधात वाढलं, म्हून तोल अर्धा इंच समोर सरकला. क्यू नाकाकडून जड लागन. ठोका कडक येईन, आवाज 'टन' असा येईन म्हंतेत. लाकडाचा सांधा ठोका थोडा पिऊन घेते, स्टील पीत नाई, जसाच्या तसा हातात देते. बॉल जिकडे जाचा तिकडेच जाईन, सांध्यानं निशाना बदलत नाई. बदलते ते फक्त हाताले जे समजते ते.

इकडे काम कमी झालं. नव्या गाड्या कंपनीच्या सर्व्हिसले जातेत. जुन्या गाड्यावाले ड्रायव्हर मातर माह्याच दारी येतेत. एकतीस वर्षात माह्या हातचं काम वापस नाई आलं, एवढीच माही पाटी, दुसरी पाटी लावली नाई. कसा खेळते ते लिहजा.

भैय्याजी


पिपरी मेघे
११ नोव्हेंबर २०२४

प्रिय भैय्याजी,

दिवाळी झाली. पाहुणे गेले, चकल्या मऊ पडल्या. आता स्पष्ट लिहायला हरकत नाही.

क्यू परत पाठवतो आहे.

आवाज 'टण' येतो, अगदी देवळातल्यासारखा. पण देवळातही घंटा वाजते म्हणजे देव भेटतोच असं नाही. मुठीत काही येत नाही. तुम्ही लिहिलंत, स्टील ठोका जसाच्या तसा हातात देतं. कुणाच्या हातात देतं कोण जाणे, माझ्या तर नाही.

शनिवारी रोशनच्या क्लबात, म्हणजे आमच्या चौकातल्या त्या दोन टेबलांच्या खोलीत, सरळ समोरचा बॉल चुकलो. सरळ, भैय्याजी. कडेच्या बाकावर मित्राची वाट बघत बसलेल्या माणसानंही घातला असता. सगळे गप्प बसले. हसले असते तर बरं झालं असतं. गप्प बसणं म्हणजे माणसाची तेरवी जिवंतपणी घालणं. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी सांगितलं, "सांधा कच्चा बसवलाय टर्नरनं." तेव्हा सगळ्यांच्या जिवात जीव आला. "असं होय," म्हणाले. रोशन म्हणाला, "काका, टर्नर कोण?" मी म्हणालो, "आमचे साडभाऊच. कान गेलेत त्यांचे."

रागावू नका. ज्याला आवाज ऐकू येत नाही त्यानं आवाजाचा सांधा करावा, हेच मुळात माझं चुकलं. आता पितळी करून बघा. पितळ मऊ असतं, कदाचित बोलेल.

मंदाताईंना नमस्कार. हर्षानं चिवडा दिला आहे. पाइपात मावला नाही म्हणून वेगळी पिशवी आहे.

धर्मेंद्र


कारंजा (घाडगे)
२५ नोव्हेंबर २०२४

धर्मेंद्रबाबू,

चिवडा भेटला. क्यू बी भेटला.

पाइप दारात पाहून मंदा म्हने, हे काऊन वापस आलं? मी म्हटलं, अजून एक काम सांगतलं त्याईनं. तिच्यासंग खोटं बोलाची सवय नाई, म्हून ते माह्या तोंडाकडे पाहतच राह्यली.

स्टीलचा सांधा मी पुन्हा लेथवर चढवला, वाकडेपन मोजाचं घड्याळ लावून फिरवून पाह्यला. केसाएवढा बी वाकडा नाई. दातात धरून टिचकी मारली तं मेंदूपर्यंत गेली. मले काही समजलं नाई. मंग इचार केला, का खेळनारा खोटं काऊन बोलन? त्याले त्याचा काय फायदा? दोन दात माहे गेल्या सालापासून हालून राह्यले. कानासारखंच हळूहळू गेलं असन आन मले पत्ता नसन. कान गेले तवा बी मले कुठी समजलं होतं? मी तं म्हनो का लोकच हळू बोलून राह्यले.

पितळाचा बसवला. पितळ स्टीलपेक्षा नरम, पन जड तेवढंच. तोल जास्त समोर जाऊ नये म्हून भिंत पातळ ठेवली. ठोका गोल लागन, टोचनार नाई. दरवेळी तोंड घासा लागते, म्हून क्यू सुताभर आखूड झाला. अजून एकडाव बदलला तं अजून होईन. हे ध्यानात ठेवजा.

मंगळवारी एक जुना ड्रायव्हर गाडीचं बुश, म्हंजे शाफ्टावरची कडी, बनवाले आला होता. हमेशा मी एकडाव मोजतो आन कापतो. या डाव तीनदा मोजलं. कापल्यावर वाटलं का गलत झालं, फेकून देलं, दुसरं बनवलं. तो माहा हातच पाहत होता. मंग तो काही बोलला, मले ऐकू नाई आलं. मंदाले इचारलं, काय म्हने? ते म्हने, काही नाई.

तुमच्या क्लबात लोकाईले सांगतलं, ठीक केलं. काम खराब असन तं सांगाच लागते.

भैय्याजी


पिपरी मेघे
१६ डिसेंबर २०२४

प्रिय भैय्याजी,

पितळाचंही झालं. काल रोशनच्या क्लबात सामना होता. माझ्यासमोर आर्वीचा एक पोरगेला शिक्षक, मिशीसुद्धा पुरती न फुटलेला. तिसऱ्या फ्रेमला क्यू माझ्या हातातून घरंगळला. मी मारायला वाकलो होतो, डोळ्यांपुढे बॉल होता, आणि क्यू फरशीवर पडल्याचा आवाज आला तेव्हा मला कळलं की तो पडला. शिक्षकानं उचलून दिला. "सर, सावकाश," म्हणाला. मी कुणाचाही सर नाही.

मग मी सामना सोडला. कारण विचारलं तर सांगितलं, क्यूचा तोल बिघडलाय. पितळाची भिंत पातळ ठेवली म्हणे टर्नरनं.

दुकानात मिक्सर दुरुस्त करताना सोल्डरिंगची कांडी बोटाला लागून होती. जळका वास आला. मी मिक्सरची मोटर उघडून बघत होतो, कुठून येतो म्हणून. हर्षानं माझ्या बोटाकडे बोट दाखवलं. तेव्हापासून ती माझ्याशी कमी बोलते आणि माझ्याकडे जास्त बघते. लग्नाला बावीस वर्षं झाल्यावर बायको बघायला लागली की समजावं, काहीतरी वाईट आहे.

तर आता शेवटचं. जसा होता तसा, लाकडाला लाकूड, करून पाठवा.

आणि एक गोष्ट धाकटेपणाच्या अधिकारानं सांगतो. तुम्ही पंचावन्न पार केलीत. माणसाचा हात कायम तसाच राहत नाही. तो जातो, आणि जाताना सांगून जात नाही. त्यात लाज कसली? एकदा कबूल केलं की मोकळं होता येतं. न करता रेटत बसलं की मग माणूस दुसऱ्यांची कामं बिघडवत फिरतो. मी तुमच्या जागी असतो तर कबूल केलं असतं.

धर्मेंद्र


कारंजा (घाडगे)
४ जानेवारी २०२५

धर्मेंद्रबाबू,

लाकडाचा सांधा केला. जुन्या शिसवीचा तुकडा होता, मंदाच्या माहेरच्या पलंगाच्या पायाचा. म्हंजे तुमच्या बी सासरचाच. बारा दिवस उन्हासावलीत ठेवला, मंगच कापला, बादमध्ये आवळून बसू नये म्हून. तोल मांगं आला, पयले होता तिथंच. माह्या हिशोबानं यापेक्षा चांगलं माह्या हातून होत नाई.

तुमी जे लिहलं ते मी चारदा वाचलं. मले बी तेच वाटून राह्यलं होतं, पन बोलाची हिंमत नोहती. बाहेरचा कोनी बोलला असता तं मी भांडलो असतो. तुमी घरचे, तुमचं काय वाकडं आहे माह्यासंग? म्हून पटलं. दोन ड्रायव्हराईचं काम मी वापस देलं, म्हटलं, दुसरीकडे पाहा बाप्पा. गाडी रस्त्यावर चालते. सांधा सुटला तं मानूस मरते. क्यूसारखं नाई.

अमरावतीचा एक जन जुन्या मशिनी घेते. त्याले निरोप देला. तो २० तारखेले, सोमवारी येतो म्हने.

एकच इच्छा आहे. हा क्यू खेळून पाहा आन खरं लिहा. साडभाऊ म्हून लिहू नका, खेळनारा म्हून लिहा. चांगला असन तं मी त्या मानसाले दारातून वापस पाठवीन. आन मेलेलाच असन तं तसं लिहा, मी समजून घेईन. पन वीसच्या आंधी लिहजा. त्याच्या बाद लिहलं काय आन नाई लिहलं काय, सारखंच.

भैय्याजी


शासकीय नाही, खाजगी दवाखाना, वर्धा
१८ जानेवारी २०२५, शनिवार

भैय्याजी,

डाव्या हातानं लिहितो आहे. अक्षर कसंही आलं तरी वाचा.

तुमचं पत्र आणि क्यू मला सात तारखेला मिळाले. आठ तारखेला मी क्यू क्लबात नेला आणि रोशनच्या हातात दिला. म्हणालो, तू मार. त्यानं पाच बॉल मारले, पाचही घातले, मग क्यूकडे असं बघितलं जसं लोक दुसऱ्याच्या तान्ह्या बाळाकडे बघतात. "काका, मक्खन आहे," म्हणाला. "कोणी केला?" मी सांगितलं नाही.

म्हणजे आठ तारखेलाच मला ठाऊक होतं. आज अठरा आहे.

खरं तर ऑगस्टपासूनच ठाऊक होतं. तेव्हाच रक्त तपासलं होतं. साखर इतकी होती की लॅबवाल्यानं दोनदा नाव विचारलं. डॉक्टर म्हणाला, बोटांच्या, तळव्यांच्या नसा चालल्यात. तो रिपोर्ट मी दुकानात वॉरंटी कार्डांच्या गठ्ठ्यात ठेवला; तिथे कधी कुणी काही शोधायला जात नाही. चप्पल त्यामुळेच राहिली. बोटही त्यामुळेच जळलं. ते चिघळलं, मी पट्टी बांधून फिरलो, आणि गेल्या रविवारी तर्जनीचं वरचं पेर कापावं लागलं. इथल्या डॉक्टरनं डोळे मिटायला लावून हातापायांना टाचणी टोचून पाहिली. मी विचारलं, सुरू कधी करणार? तो म्हणाला, झालं.

तुमचे तिन्ही सांधे चांगले होते. स्टीलचा, पितळाचा, लाकडाचा. तिन्हींनी बातमी आणली होती, घेणाराच घरी नव्हता.

तुम्ही विचाराल, मग मला का छळलंत? आठवतं का, दर दिवाळीला सासूबाई आपल्याला शेजारी शेजारी पाटावर बसवायच्या आणि ओवाळताना पाहुण्यांना सांगायच्या, "मोठा जवाई हातानं कमावते, लहाना तोंडानं." सगळे हसायचे, मीही हसायचो. मला हातानं येणारी एकच गोष्ट होती. ती गेली हे जगात कुणालाही सांगितलं असतं, एक तुम्हाला सोडून. आणि दोघांपैकी एकाचा हात गेलाच असेल तर तो तुमचा असावा, असं मी मनापासून ठरवलं होतं. तुम्ही इतक्या लवकर माझं ऐकाल असं मात्र वाटलं नव्हतं. माझं आजवर कुणी ऐकलेलं नाही.

मशीन विकू नका. तुमच्या हातात काहीही खोट नाही.

हर्षा इथेच बसली आहे. ती म्हणते, आत्ता मंदाताईला फोन लावते, दोन मिनिटांत होईल. मी लावू दिला नाही. फोन केला तर आधी मंदाताईंना सांगावं लागेल, आणि त्या तुम्हाला ओरडून सांगतील, दारात, ड्रायव्हरांसमोर. ते मला सोसणार नाही. तसंही, भंगारवाला सांगितलेल्या दिवशी आलाय असं कधी झालंय? आठवडाभर तरी उशीर करेल. हे पत्र त्याआधी पोचेल.

धर्मेंद्र


कारंजा (घाडगे)
३० जानेवारी २०२५

धर्मेंद्रबाबू,

तुमचं पत्र २३ ले भेटलं.

तो मानूस सोमवारी सकाळी नवाले हजर होता. मी दुपारपर्यंत त्याले बसवून ठेवलं. चहा पाजला, मंग जेवाले लावलं. पोस्टमन येऊन गेला, त्याच्यापाशी बाजूवाल्याचं लाइट बिल होतं. मंग मी म्हटलं, घ्या. मशीन पूरी उचलून नेता येत नोहती, दार लहान. एकतीस वर्षाआंधी मशीन पयले बसवली आन दार मांगून बांधलं, तवा कोनाले वाटलं होतं का हे कधी निंघन? त्यानं तिथंच गॅसनं कापली. दोन घंटे लागले. मी उभा राह्यलो. तो मले बाहेर जा म्हने, डोळ्याले त्रास होईन. मी गेलो नाई.

बोटाचं वाचून वाईट वाटलं. दुखत असन असं लिहत होतो, मंग ध्यानात आलं. साखरीचं औषध टाइमावर घ्या. पायाले जपा, अनवानी फिरू नका, रोज तळवे पाहत जा. हर्षाले पाहाले सांगा.

तुमी इचारता नाई, पन सांगतो. राग आला होता. दोन दिवस आला. मंग कोनावर ठेवू ते समजलं नाई. तुमी खोटं लिहलं, पन मानलं तं मीच. माही पाटी माह्यापाशीच होती, एकतीस वर्षाची. ते सोडून मी तुमची चिठ्ठी वाचत बसलो.

ते ड्रायव्हर परवा आले होते. खोली रिकामी पाहून एक जन बाहेरच्या पायरीवर बसला, मंग उठून गेला. आता मी हायवेवरच्या ढाब्यावर जातो. ट्रक मांगंपुढं घ्यायले हात दाखवाचा, एवढंच काम. तिथं ऐकू याची गरज पडत नाई. भाकर दुपारी मंदा आनून देते.

तुमचं पत्र मी तिले वाचू देलं नाई, जाळलं. हर्षाले बी सांगून ठेवजा, मंदापाशी बोलू नको म्हून. मशीन गेली त्या दिवशी मंदा लय रडली. मंग ते म्हने, होते म्हातारपनी असं, माह्या बापाचे बी हात असेच गेलते, तुमी काही गलत नाई केलं. तवापासून ते माह्यासंग नरम बोलते. ताटात आंधी मले वाढते. रस्ता पार करताना हात धरते, आन मी धरू देतो.

मी बुढा झालो हे तिनं आठ दिवसात मानून घेतलं. झालो नोहतो, हे आता तिले कोन्या तोंडानं सांगू?

तुमचा,
भैय्याजी